मार खाणारे ते, टाळ्या वाजवणारे आपण

रात्रपाळी:
बॉक्सिंग बघायचं वेड मला बरंच जुनं. पहाटेचा गजर लावून उठणाऱ्यांपैकी मी. पण हल्ली एक गोष्ट डोक्यात घर करून बसलीये, म्हणून हा धागा.

१३ नोव्हेंबर १९८२. लास व्हेगासमध्ये रे मँसिनी विरुद्ध दक्षिण कोरियाचा किम दुक-कू. अमेरिकेत टीव्हीवर थेट प्रक्षेपण. चौदाव्या फेरीच्या सुरुवातीलाच किम आडवा झाला, दोराला धरून कसाबसा उभाही राहिला, पण पंचांनी लढत थांबवली. थोड्या वेळाने तो बेशुद्ध झाला, तो पुन्हा शुद्धीवर आलाच नाही. मेंदूत रक्तस्राव होऊन काही दिवसांत गेला. पुढच्या काही महिन्यांत त्याच्या आईने जीव दिला, आणि त्या लढतीचे पंच रिचर्ड ग्रीन यांनीही. विजेतेपदाच्या लढती पंधरा फेऱ्यांवरून बारावर आल्या त्या या प्रकारानंतर.

हे सगळं माहीत असताना मी ती लढत परवा पुन्हा पाहिली, पूर्ण. आणि लढत अप्रतिम आहे, हेच मला छळतंय. किमला तेव्हा बाहेर फारसं कुणी ओळखत नव्हतं, पण गडी मागे हटायला तयार नाही. शेवट ठाऊक नसता तर "बघाच" म्हणून मी ती चौघांना पाठवली असती. ज्या चिवटपणाला मी दाद देत होतो, त्यानेच त्याचा जीव घेतला.

तर असा खेळ चवीने बघणं बरोबर आहे का? "ते स्वतःच्या मर्जीने उतरतात" एवढंच उत्तर असेल तर राहू द्या, ते मी स्वतःला देतच आलोय.

तिरकस:
ते स्वतःच्या मर्जीने उतरतात. :)

आता गंभीरपणे. खाणीत माणसं मरतात, खोल समुद्रात मासेमारीला गेलेली मरतात, उंच मनोऱ्यांवर काम करताना मरतात. दिवा लावताना आपल्याला कोळशाच्या खाणीतला माणूस आठवतो का? मग बॉक्सरनेच काय घोडं मारलंय? त्याला निदान नाव मिळतं, पैसा मिळतो. जाणत्या माणसाने जोखीम पत्करली, तिचे पैसे घेतले, विषय संपला. मधे आपण हळहळ करायला कशाला जायचं?

शंकेखोर:
@तिरकस, खाणीचं उदाहरण इथे लागू होत नाही. आपल्याला हवा असतो कोळसा. उद्या कुणी सांगितलं की माणूस खाली न उतरवता तेवढाच कोळसा निघेल, तर सगळे खूशच होतील. आता कुणी म्हणालं की डोक्यावर एकही ठोसा न मारता बॉक्सिंग होईल, तर तिकीट कोण काढेल? खाणीत इजा वाटेत येते. बॉक्सिंगमध्ये समोरच्याचा मेंदू क्षणभर बंद पाडणं हाच सर्वात देखणा विजय, त्यालाच नॉकआउट म्हणतात.

माझ्यापुरती कसोटी अशी: ज्या क्षणी प्रेक्षक सर्वात मोठ्याने ओरडतात, तो क्षण इजेचा आहे की कौशल्याचा? कुस्तीत पाठ टेकली की कुस्ती निकाली. पैलवानाचे कान चुरगळतात, गुडघे जातात, पण त्यासाठी कुणी आरोळी ठोकत नाही.

पावसाळी:
वाचतेय. शंकेखोर यांच्या प्रतिसादाला +१.

लेगग्लान्स:
शंकेखोर, कसोटी छान आहे, पण तिने क्रिकेटही अडचणीत येतं बरं का. १९७६ ची भारत विरुद्ध वेस्ट इंडिज, किंगस्टनची कसोटी घ्या. होल्डिंग आणि मंडळी आखूड टप्प्याचा मारा करताहेत, अंशुमन गायकवाड ८१ धावा काढून कानावर चेंडू बसून रुग्णालयात, विश्वनाथचं बोट गेलेलं, ब्रिजेश पटेलच्या तोंडावर लागलेलं. बेदींनी पहिला डाव ६ बाद ३०६ वर सोडून दिला. दुसऱ्या डावात पाच जण फलंदाजीला आलेच नाहीत, डाव ९७ वर आटोपला. आणि मैदानात प्रेक्षक काय करत होते? अजून मारा म्हणून गोलंदाजाला चेव आणत होते. आपल्या खेळाडूंनी हे नंतर लिहून ठेवलंय.

तेव्हा हेल्मेट नव्हतं. पुढे हेल्मेट आलं, १९९१ मध्ये षटकात एका फलंदाजाला एकच बाउन्सर असा नियम आला, १९९४ मध्ये तो षटकाला दोन असा सैल झाला. आणि तरीही २०१४ मध्ये फिलिप ह्यूज हेल्मेट घालून खेळत असताना मानेवर चेंडू लागून गेला. बाउन्सर हे कौशल्य आहे की धमकी? माझ्या मते दोन्ही, आणि म्हणूनच तो बघायला मजा येते. सभ्य लोकांचा खेळ वगैरे आपण उगाच म्हणतो.

नाडीपरीक्षा:
मी डॉक्टर आहे, खेळातल्या दुखापती रोज बघते. चर्चा मृत्यू आणि नॉकआउटभोवती फिरतेय, म्हणून थोडं सांगते.

रिंगमधला मृत्यू भयंकर असतो, पण तो क्वचित होतो आणि सगळ्यांना दिसतो. मोठं नुकसान दिसत नाही. डोक्याला झटका बसला की कवटी थांबते, आतला मेंदू थांबत नाही. तो पुढे जातो आणि पिळवटतोही, आणि त्या पिळाने चेतातंतू ताणले जातात. यासाठी बेशुद्ध व्हावं लागत नाही. चक्करही न येणारे शेकडो-हजारो लहान झटके वर्षानुवर्षं साठत जातात. काहींच्या मेंदूत टाऊ नावाचं प्रथिन रक्तवाहिन्यांभोवती, मेंदूच्या घड्यांच्या तळाशी जमायला लागतं. यालाच सीटीई म्हणतात. विस्मरण, चिडचिड, नैराश्य, शेवटी स्मृतिभ्रंश. आणि खात्रीचं निदान आजही मृत्यूनंतर मेंदू तपासूनच होतं.

हे काल कळलंय असं नाही. हॅरिसन मार्टलँड या अमेरिकन डॉक्टरांनी बॉक्सरांमधली ही अवस्था १९२८ मध्येच नोंदवली होती. पण बॉक्सर म्हणजे ठोसे खाणारच, म्हणून जगाने मान डोलावली आणि पुढे गेलं. मग अमेरिकन फुटबॉलचा माइक वेबस्टर २००२ मध्ये गेला, डॉ. बेनेट ओमालू यांनी त्याचा मेंदू तपासला आणि २००५ मध्ये निष्कर्ष छापले. एनएफएल म्हणजे तिथली व्यावसायिक लीग, तिच्या समितीतल्या डॉक्टरांनी तो लेख मागे घ्या म्हणून पत्र लिहिलं. २०१७ मध्ये बोस्टनच्या अभ्यासात एनएफएलच्या १११ माजी खेळाडूंपैकी ११० जणांच्या मेंदूत सीटीई सापडला. हा आकडा जपून वापरा. ज्या घरांना आधीच शंका होती त्यांनीच बहुधा मेंदू दान केले, त्यामुळे "शंभरातल्या नव्याण्णवांना होतो" असा अर्थ काढू नका. पण एवढे मेंदू एका ठिकाणी जमतात हेच पुरेसं बोलकं आहे.

अवांतर: हातमोज्यांनी मूठ वाचते, डोकं नाही. उघड्या मुठीने कवटीवर जोरात मारलं तर मारणाऱ्याचीच हाडं मोडतात, म्हणून पूर्वी डोक्यावर हात जरा आवरूनच पडायचा. मोजे आले आणि डोकं मोकळं सापडलं. हेडगार्डचंही तेच. त्याने कापलं जात नाही, सूज कमी येते, पण आतला झटका फारसा कमी होत नाही. रिओ २०१६ ला पुरुष बॉक्सर हेडगार्डविना उतरले ते बघून लोक हादरले होते, पण ते होतं तेव्हाही मेंदू सुरक्षित नव्हताच.

पावसाळी:
@नाडीपरीक्षा, मग साधा फुटबॉलही? तिथे तर कुणी कुणाला मारत नाही.

नाडीपरीक्षा:
तिथेही, हेडिंगमुळे, म्हणजे चेंडू डोक्याने मारल्यामुळे. इंग्लंडचा जेफ अ‍ॅसल हेडरसाठी प्रसिद्ध होता, २००२ मध्ये ५९ व्या वर्षी गेला. मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने कारण लिहिलं: व्यवसायजन्य आजार. २०१९ मध्ये ग्लासगोच्या संशोधकांना आढळलं की स्कॉटलंडच्या माजी व्यावसायिक फुटबॉलपटूंमध्ये मेंदू झिजण्याच्या आजारांनी होणारे मृत्यू सर्वसामान्यांपेक्षा साधारण साडेतीन पट आहेत. तेच खेळाडू हृदयविकाराने मात्र कमी जातात, हेही त्याच अभ्यासात आहे. अमेरिकेच्या फुटबॉल संघटनेने दहा वर्षांपर्यंतच्या मुलांचं हेडिंग २०१५ मध्येच बंद केलं.

तिरकस:
थोडक्यात, आता कॅरम बघायचा. त्यातही बोटाचं नख दुखावतं म्हणे.

शंकेखोर:
तिरकस, तुमच्या "जाणत्या माणसाने जोखीम पत्करली" वर परत येतो. जाणता कधी म्हणायचं? वेबस्टर खेळत होता तेव्हा त्याला यातलं काय सांगितलं होतं? एनएफएलने १९९४ मध्ये डोक्याच्या दुखापतींसाठी समिती नेमली, तिचे अध्यक्ष होते संधिवाताचे डॉक्टर. समिती वर्षानुवर्षं सांगत राहिली की दीर्घकालीन धोक्याचा पुरावा नाही. शेवटी हजारो माजी खेळाडू कोर्टात गेले आणि समझोता झाला.

त्या समझोत्यातही काय निघालं बघा. स्मृतिभ्रंशाची भरपाई ठरवताना चाचण्यांमध्ये कृष्णवर्णीय खेळाडूची मूळची बौद्धिक पातळी कमी धरण्याची सोय होती. पातळी मुळात कमी धरली की घसरण कमी दिसते, आणि घसरण कमी दिसली की पैसे नाहीत. या लीगमधले बहुसंख्य खेळाडू कृष्णवर्णीय. २०२१ मध्ये बोभाटा झाल्यावर ते बंद करायचं कबूल केलं. मर्जीने उतरले म्हणता, ते अशा लोकांच्या भरवशावर उतरले होते.

तिरकस:
हे वाचून गप्प बसावं लागतंय. माहीत नव्हतं. पण मग दोष लीगचा झाला ना, बघणाऱ्याचा कसा? आणि आजच्या खेळाडूला तर सगळं माहीत आहे. क्रिस बोरलँड २०१५ मध्ये एकच मोसम खेळून, वाचून-विचारून, एनएफएल सोडून गेला. बाकीचे राहिले. त्यांच्या निर्णयाचा मान ठेवायचा की नाही?

चौथा_पंच:
बघणाऱ्याचा दोष मोजण्यापेक्षा त्याची ताकद मोजा. हे खेळ आपोआप कधी सुधारलेले नाहीत, लोकांना किळस आली तेव्हाच सुधारले.

१९०५ मध्ये अमेरिकन फुटबॉलमध्ये एकाच मोसमात डझनाहून जास्त मुलं मेली. वर्तमानपत्रांनी रान उठवलं, काही कॉलेजांनी खेळ बंद केला, अध्यक्ष रूझवेल्टनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या लोकांना व्हाइट हाउसवर बोलावून घेतलं. १९०६ मध्ये पुढे पास फेकायची मुभा मिळाली, घोळक्याने एकमेकांवर आदळणं कमी झालं. आज त्या खेळात सर्वात देखणा वाटतो तो लांब पास. तो आणायला मृत्यू लागले.

दुसरं, १९९१ ची ख्रिस यूबँक विरुद्ध मायकेल वॉटसन लढत. वॉटसन शेवटच्या फेरीनंतर कोसळला. रिंगजवळ तातडीने श्वास सावरणारी यंत्रणा नव्हती, योग्य उपचार मिळायला फार उशीर झाला, आणि तो अनेक दिवस कोमात राहिला. त्याने ब्रिटिश बॉक्सिंग मंडळावर दावा लावला आणि जिंकला. खेळाडू मर्जीने उतरला तरी व्यवस्था पुरवणाऱ्याची जबाबदारी सुटत नाही, असं कोर्टाने १९९९ मध्ये सांगितलं आणि अपिलातही ते टिकलं. तिरकस, तुमच्या प्रश्नाचं उत्तर यात आहे. मर्जीचा मान ठेवायचा, पण मर्जी दाखवून बाकीच्यांनी हात झटकायचे नाहीत. वॉटसन २००३ मध्ये लंडन मॅरेथॉन सहा दिवस चालत पूर्ण करून आला, शेवटच्या टप्प्यात यूबँक त्याच्यासोबत होता.

बंदीचा विषय निघेलच म्हणून आधीच सांगतो. स्वीडनने १९७० मध्ये आणि नॉर्वेने १९८१ मध्ये व्यावसायिक बॉक्सिंग बंद केलं होतं. स्वीडनने २००६ मध्ये उठवलं, नॉर्वेने २०१४ मध्ये. बंदी असताना तिथले बॉक्सर परदेशात जाऊन लढत आणि लोक टीव्हीवर बघत. मला बंदीत फार अर्थ दिसत नाही.

उजवा_हूक:
मी हौशी बॉक्सिंग केलंय, बरीच वर्षं. धागा वाचून थोडी चिडचिड झाली, म्हणून लिहितो.

एक, दया नको. रिंगमध्ये मी जेवढा जागा असायचो तेवढा आयुष्यात दुसरीकडे कुठेच नव्हतो. समोरच्याचा खांदा हलायच्या आत कळतं काय येतंय ते. हे बघायला लोकांना आवडतं यात काही विकृती नाही. ज्याला फक्त रक्त बघायचंय तो बचाव बघत नाही, त्याला सामना कंटाळवाणा वाटतो. निम्मा खेळ मार चुकवण्याचा आहे.

दोन, डॉक्टरबाई म्हणतात ते खरंय आणि त्यातलं बरंचसं तुम्हाला दिसतच नाही. लढती वर्षातून मोजक्या, सराव रोज. स्पारिंगमध्ये, म्हणजे सरावाच्या लढतीत, खाल्लेल्या ठोशांचा हिशेब कुणी ठेवत नाही. एनएफएलने २०११ च्या करारात पूर्ण धडकेचे सराव मोसमाला चौदावर आणले ते म्हणूनच. बॉक्सिंगमध्ये असा काही नियम नाही, प्रशिक्षक शहाणा असला तर वाचलात.

तीन, आणि याच्यासाठी खरं लिहायला बसलो. प्रेक्षकाचा दोष काय असं तिरकस विचारताहेत. बघण्यात नाही. जो थांबतो त्याला तुम्ही काय म्हणता, त्यात आहे.

रॉबर्तो दुरान घ्या. जगातल्या सर्वोत्तमांपैकी एक. १९८० मध्ये न्यू ऑर्लिन्सला शुगर रे लेनर्डविरुद्ध आठव्या फेरीत त्याने हात हलवून पुरे म्हटलं. त्यानंतर तो दोन दशकं लढला, आणखी विजेतेपदं मिळवली, तरी लोकांना आठवतं ते "पुरे"च. चेष्टेचा विषय झाला. आता २०२०. डॅनियल डुबॉइसच्या डोळ्याच्या खोबणीचं हाड मोडलं होतं, जो जॉयसविरुद्ध दहाव्या फेरीत तो गुडघ्यावर बसला आणि उठला नाही. काही माजी बॉक्सरांनीच त्याला भेकड ठरवलं, टेलिव्हिजनवर आणि सोशल मीडियावर. ते हाड मोडलेलं असताना आणखी ठोसे खाल्ले असते तर कदाचित डोळाच गेला असता. हाच डुबॉइस २०२४ मध्ये वेम्ब्लीवर अँथनी जोशुआला पाचव्या फेरीत झोपवतो, तेव्हा तीच मंडळी टाळ्या पिटतात.

बॉक्सरला मेंदूची भीती कमी आणि 'भेकड' या शब्दाची जास्त असते. किम का उठला असेल? दोराला धरून उठताना त्याच्या डोक्यात काय होतं ते कुणालाच माहीत नाही, पण न उठणाऱ्याचं काय होतं ते प्रत्येक बॉक्सरला माहीत असतं. ते आम्हाला तुम्ही शिकवता. मनिलात १९७५ मध्ये मुहम्मद अलीविरुद्ध चौदाव्या फेरीनंतर जो फ्रेझियरचे डोळे जवळजवळ मिटलेले होते, तो पुढे जायचं म्हणत होता आणि त्याचा प्रशिक्षक एडी फचने त्याला उठू दिलं नाही. एकच फेरी उरली होती. माझ्या मते त्या रात्री सर्वात धाडसी माणूस फच. पण फचचं नाव किती जणांना माहीत आहे?

रात्रपाळी:
@उजवा_हूक, हे माझ्या नेमकं वर्मी लागलं. दुरानचा तो विनोद मीही इतरांसारखाच ऐकवत आलोय.

मनिलाची लढत सकाळी झाली होती ना? अमेरिकेतल्या प्रक्षेपणाची वेळ साधायला सकाळीच लढवली, त्या उकाड्यात. म्हणजे बघणाऱ्यांची सोय आधी, लढणाऱ्यांची नंतर.

उजवा_हूक:
हो, सकाळीच. रात्र म्हणालो ते सवयीने. :)

लेगग्लान्स:
हूकभाऊंचा मुद्दा क्रिकेटलाही लागू. डोक्याला लागल्यावर हेल्मेट बदलून पुन्हा उभा राहणारा तो वाघ, आणि बाहेर जाणारा घाबरट. २०१९ मध्ये डोक्याला लागलेल्याच्या जागी बदली खेळाडूचा नियम आला, लॉर्ड्सवर ऑस्ट्रेलियाच्या स्मिथच्या जागी लाबुशेन आला. त्याआधी बाहेर बसणं म्हणजे संघाला दहा जणांवर आणणं. नियमाने ती लाज बरीचशी काढून घेतली. भाषणं देऊन ती कधी गेली नसती.

शंकेखोर:
मग मी माझी कसोटी बदलतो. आरोळी कशावर पडते हे एक, आणि माघार घेणाऱ्याची खेळात काय गत होते हे दुसरं. दुसरं जास्त महत्त्वाचं वाटायला लागलंय. तरी बॉक्सिंग मी बघणार नाही, नॉकआउट माझ्याच्याने बघवत नाही.

रात्रपाळी:
मी बघणार. पण "सर्वोत्तम वीस नॉकआउट" छापाची फिती बघणं सोडलंय. त्यात खेळ नसतो, फक्त पडणारी माणसं असतात, एकामागून एक, का पडली ते कळूही न देता. आणि कोपऱ्यातून टॉवेल आला, म्हणजे प्रशिक्षकाने लढत सोडून दिली, की समालोचक "घाई केली" म्हणतात ना, ते ऐकलं की आता आवाज बंद करतो. फार मोठं काही नाही, माहीत आहे.

पावसाळी:
आता माझा प्रश्न, इतका वेळ त्यासाठीच वाचत होते. माझी मुलगी तेरा वर्षांची आहे. तिला रग्बी खेळायचंय, टॅकलवाली, म्हणजे समोरच्याला धरून पाडायची. २००३ चा विश्वचषक जिंकलेल्या इंग्लंडच्या स्टीव थॉम्पसनला चाळिशीतच स्मृतिभ्रंशाचं निदान झालं, तो अंतिम सामना जिंकल्याचंही त्याला आठवत नाही, हे वाचल्यापासून झोप नाही. पण मैदानावरून परत येते तेव्हा तिचा चेहरा बघितला की नाही म्हणवत नाही. काय करू?

नाडीपरीक्षा:
थॉम्पसन वर्षानुवर्षं व्यावसायिक पातळीवर, रोजच्या धडकेच्या सरावात होता. शाळकरी मुलीची जोखीम तेवढी नाही, पण शून्यही नाही. क्लबला तीन गोष्टी विचारा. आठवड्यात पूर्ण धडकेचा सराव किती वेळ? डोक्याला लागल्याची नुसती शंका आली तर मुलीला बाहेर काढायचा अधिकार कुणाला, आणि प्रशिक्षकाला तो निर्णय फिरवता येतो का? त्यानंतर पुन्हा खेळायला किती दिवसांनी आणि कुणाच्या परवानगीने? पहिला झटका भरून यायच्या आत दुसरा बसला तर मुलांमध्ये मेंदूला जिवावर बेतणारी सूज येऊ शकते, म्हणून "त्याच दिवशी परत मैदानात" हे कुठल्याही सबबीवर नाही. उत्तरं गुळमुळीत आली तर दुसरा क्लब शोधा. मधल्या काळात टॅकल नसलेली टॅग रग्बी उत्तम.

उजवा_हूक:
डॉक्टरबाईंनी सांगितलेलं विचाराच. शिवाय न सांगता एकदा सराव बघायला जा आणि कडेला उभ्या राहा. एखादी पोर डोकं धरून "सर, मला थांबायचंय" म्हणेल तेव्हा प्रशिक्षक काय करतो ते बघा. आणि बाकीच्या पोरी काय करतात तेही.

पावसाळी:
शनिवारी सराव आहे. जाऊन येते आणि इथे लिहिते.